जिन्यात एकच तोंड

घरसामान हलवणाऱ्या कुठल्याही टोळीत आज एक 'बाबा' असतो. तो कुणाचा बाप असेलच असं नाही. एका टोळीतला बाबा तर बिनलग्नाचा आहे. ज्याच्या गुडघ्यांनी किंवा कमरेने संप पुकारलाय, ज्याला ओझं उचलवत नाही, पण ज्याच्यावाचून टोळीचं पान हलत नाही, असा जुना माणूस खाली रस्त्याकडेला सामानाशेजारी खोक्यावर बसतो. चहा पहिला त्याला मिळतो. ट्रकमध्ये पुढची जागा त्याची. त्याच्यावर कायदा एकच: जिन्यात जड वस्तू असली की त्याने तोंड उघडायचं नाही.

नव्या गड्यांना विचारा, याला बाबा का म्हणता, तर ते म्हणतील, वय झालं म्हणून. साफ चूक. वय झालेल्याला म्हातारा म्हणतात, आणि टोळीत तर त्याहूनही वाईट म्हणतात. हा शब्द एका बाईने दिला. भर दुपारी, इमारतीच्या दारात उभं राहून, घामाने निथळत असताना. आणि तो देण्याच्या थोडं आधी तिने आपल्या सख्ख्या बापाला सगळ्यांदेखत गप्प बसवलं होतं. गोष्ट सांगताना पुरुष मंडळी नेमका हा भाग गाळतात, म्हणून ती पहिल्यापासून नीट सांगायला हवी.

तिला नाव नव्हतं. आईबापांनी ठेवलेलं होतं, शाळेच्या हजेरीतही होतं, पण टोळीत घरचं नाव कुणाचंच चालत नाही. टोळीतलं नाव टोळीनेच द्यायचं असतं, आणि तेही काम करताना काहीतरी घडल्यावर. मागून ते मिळत नाही, आणि एकदा मिळालं की परत करता येत नाही.

तिच्या टोळीतला वकील घ्या. हा कोर्टाच्या आसपासही कधी गेलेला नाही. लिफ्टमधून सामान नेऊ न देणाऱ्या एका रखवालदाराशी त्याने इतका वेळ वाद घातला, इतके मुद्दे काढले, की तोवर बाकीच्यांनी जिन्यानेच सगळं घर खाली आणलं. वाद तो जिंकला. लिफ्टचं दार उघडलं गेलं, पण आत ठेवायला एक उशीसुद्धा उरली नव्हती. त्या दिवसापासून तो वकील. दुसरा खुंटी. हा उंच, बारीक आणि स्वभावाने गरीब. एका अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकून दम खात उभा होता, तेवढ्यात घरमालक बाहेरून आले आणि त्यांनी आपला कोट सवयीने याच्या खांद्यावर अडकवला. कोट पडेल म्हणून हा बिचारा हललासुद्धा नाही. तिसरा भोंगा. त्याच्याबद्दल लोक एवढंच सांगतात, की तो एकदा कानात कुजबुजला आणि समोरच्या इमारतीतलं बाळ जागं झालं.

ही नावं नुसती गंमत नव्हती. चार माणसांच्या हातात जड कपाट आहे, जिना अंधारा आहे, आणि कुणीतरी ओरडलं 'अहो, धरा!', तर कोण धरणार? सगळेच धरतात, नाहीतर कुणीच धरत नाही. भोंग्याने एकदा तिला उद्देशून 'अगं, धर पटकन!' असा आवाज दिला आणि घरमालकीणबाईंनी दचकून हातातलं मांजर घट्ट धरलं. मांजराने काय केलं ते बाईंच्या हातावर बरेच दिवस दिसत होतं. म्हणून नियम असा होता की जिन्यात आडनावं नाहीत, काका-मामा नाहीत, अहो-जाहो नाही. एकच सुटसुटीत नाव, आणि त्या नावाला ओ देणारा एकच माणूस. ज्याला नाव नाही त्याला जड वस्तूला हात लावू द्यायचा नाही.

दुसरा नियम त्याहून मोठा. जड वस्तू खाली आणताना जो सर्वांत खाली असतो, ज्याच्या अंगावर सगळा भार येतो, त्याला तळ म्हणतात. बोलायचा अधिकार फक्त तळाचा. वरच्यांनी हूं की चूं करायचं नाही. 'जिन्यात एकच तोंड' हे वाक्य टोळीत सगळे म्हणतात, पण ते पहिल्यांदा म्हटलं मुकादमांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी. तळाला आयुष्यभर तेच उभे राहिले.

वस्तूंची नावंही अशीच पडलेली. आरशाच्या कपाटाला टोळीत आत्या म्हणतात. तिला कधी आडवं करायचं नाही, चादर पांघरायची, आणि तिच्या पाठीमागे काही बोलायचं नाही. फ्रिज म्हणजे पाहुणे. आल्याआल्या त्यांना कामाला लावायचं नाही, थोडा वेळ स्वस्थ उभं राहू द्यायचं. सोफा म्हणजे जावई, कारण तो हात पसरून येतो, दारातून आत मावत नाही आणि तरी कुणी त्याला काही बोलू शकत नाही. काचसामानाचं खोकं म्हणजे सासूबाई. जरा धक्का लागला की आवाज. सुटा होणारा पलंग म्हणजे भाऊबंद. वेगळे व्हायला वेळ लागत नाही, पुन्हा जोडताना मात्र कुणाचं कुणाशी जमत नाही. आणि लोखंडी कपाट म्हणजे मामा. हा सगळ्यात जुना शब्द, बाकीचे सगळे त्याच्या मागून आले. आज तो सगळ्या टोळ्यांत चालतो. पण तो कुठून आला हे विचारलं की मुकादम चहाचा घोट घेत आणि म्हणत, "आला असेल कुठून तरी."

तर अशा टोळीत ती एकोणिसाव्या वर्षी शिरली. आई म्हणाली, "लोक नावं ठेवतील." ती म्हणाली, "मला तेच तर हवंय." आईला ते कळलं नाही, आणि मुकादमांना कळलं पण त्यांनी न कळल्यासारखं केलं. पहिल्या दिवशी ट्रकजवळ त्यांनी तिला बाजूला घेतलं. "इथे मी मुकादम. बाबा घरी. कामावर तोंडातून बाबा निघालं तर उद्या येऊ नकोस. आणि मुकादमाच्या शब्दाला उलट उत्तर नाही." तिने मान हलवली. त्यानंतर दिवसभर ती 'मुकादम, पाणी देऊ?' म्हणायची आणि संध्याकाळी उंबरठा ओलांडला की 'बाबा, पाणी देऊ?' एकदाही चुकली नाही. याचा मुकादमांना अभिमान होता आणि जरासं दुःखही होतं, असं आई सांगते. आईने सांगितलं म्हणजे ते खरंच असणार.

ती आधी कपबश्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायला शिकली. मग दोर बांधायला, पट्टा घालायला, पलंगाचे भाऊबंद न भांडवता वेगळे करायला. तिची एक सवय होती. काम सुरू होण्याआधी ती रिकाम्या जिन्यातून एकदा वर जाऊन खाली यायची, भिंतीवरून तळहात फिरवत. कुठे खिळा आहे, कुठे कठडा हलतो, कुठे पायरी झिजली आहे, सगळं हाताला माहीत करून घ्यायची. वकील म्हणायचा, "पोरगी जिन्याला गोंजारते." तिला वाटायचं, चला, आता काहीतरी नाव पडेल. पडलं नाही.

ते पडत नव्हतं, कारण मुकादमांची मुलगी. तिची थट्टा करायची कुणाची छाती होती? ती एकदा रिकाम्या पिंपात पडली. दुसरा कुणी असता तर जन्मभर 'पिंप' झाला असता. वकिलाने तोंड उघडलं, मुकादमांकडे पाहिलं आणि मिटलं. वर्षं गेली. ती 'मुकादमांची पोरगी' राहिली, 'अगं' राहिली, 'हिला सांगा' राहिली. आणि बिननावाची म्हणून हलकं सामान नेत राहिली. लोक मान देतात तेव्हा कधी कधी असंही होतं. बाजूला उभं करतात आणि वर म्हणतात, बघा, किती जपतो.

मुकादमांचंही सोपं नव्हतं. तळाला उभं राहणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. वरच्याचा हात सुटला तर कपाट कुणावर येतं हे त्यांच्या खांद्यावरच्या जुन्या व्रणाला ठाऊक होतं. पोरीला नाव मिळालं की ती एक दिवस तळाला जाणार. म्हणून कुणी थट्टेला सुरुवात केलीच तर ते उगाच खाकरत. माणूस घाबरट नव्हता, पण बाप होता.

मग तो दिवस आला. एक निवृत्त शिक्षिका तिसरा मजला सोडून दुसऱ्या रस्त्यावर तळमजल्याला राहायला चालल्या होत्या. जिने चढवत नाहीत, एवढंच कारण. भोंगा कंबर धरून घरी पडला होता आणि तिथून शेजाऱ्यांना हाका मारत होता. उरले मुकादम, वकील, खुंटी आणि ती. दुपारपर्यंत जावई गेले, भाऊबंद गेले, सासूबाई गेल्या. पाहुण्यांना खाली आणताना मात्र शेवटच्या वळणावर मुकादमांच्या गुडघ्यातून असा आवाज आला की वरच्या दोघांनाही तो ऐकू गेला. फ्रिज त्यांनी खाली टेकवला, मगच ते टेकले. फ्रिजला ओरखडा नव्हता.

त्यांना दाराशी एका खोक्यावर बसवलं. वर आता फक्त मामा उरला होता. जुन्या जाड पत्र्याचा, दोन दारांचा, आतून रिकामा केला तरी हत्ती. बाहेर नव्या भाडेकरूंचा ट्रक येऊन उभा होता आणि त्यांच्या सामानातलं एक लहान मूल 'आपलं घर कुठाय' म्हणून रडत होतं. शिक्षिकाबाई किल्ली हातात धरून दारात उभ्या होत्या.

"उद्या भोंग्याला घेऊन येऊ," वकील म्हणाला.

"उद्या घर माझं नसेल हो," बाई म्हणाल्या.

"मी तळाला राहते," ती म्हणाली.

मुकादमांनी मान वर केली नाही. "बिननावाचं माणूस तळाला चालत नाही."

"मग ठेवा नाव."

"आत्ता?" खुंटी म्हणाला. "अगं, असं मागून मिळतं होय!"

"मग बिननावाचीच जाते. हाक मारायची वेळच येणार नाही. तळाला मी आहे, बोलणार मी. तुम्ही फक्त ऐका."

यात चूक काढायला वकिलालासुद्धा मुद्दा सापडला नाही. मुकादमांनी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. त्यांनी हो म्हटलं नाही. पण नाही म्हणायला उठून उभं राहावं लागलं असतं, आणि तेवढं त्यांच्याच्याने होईना.

तिने जिना पुन्हा एकदा तळहाताने पाहून घेतला. पट्टे घातले. वकील आणि खुंटी वर, ती खाली, तोंड मामाकडे आणि पाठ उताराला. "पायरी," ती म्हणाली, आणि मामा एक पायरी उतरला. "पायरी." पुन्हा एक. तिचा आवाज सुरुवातीला जरा चिरकत होता. मग तो बसला. पहिलं वळण आलं. तिथे भिंतीवर विजेच्या मीटरची लोखंडी पेटी होती, तिचा कोपरा बाहेर आलेला. तो कोपरा तिच्या तळहाताला माहीत होता. इथे कठड्याच्या बाजूनेच वळायचं होतं.

खाली बसलेल्या मुकादमांना दिसत काहीच नव्हतं. पत्रा घासल्याचा आवाज मात्र आला. इतक्या वर्षांची जीभ ती. त्यांना वाटलं मामा दुसऱ्या वळणावर आलाय, आणि दुसऱ्या वळणावर भिंतीचीच बाजू मोकळी होती. ते ओरडले, "भिंतीकडे घ्या! भिंतीकडे!"

सल्ला बरोबर होता. फक्त एका मजल्याने चुकला होता.

खुंटीने आयुष्यभर त्या आवाजाचंच ऐकलं होतं. त्याने विचार न करता भिंतीकडे ओढलं. मामाचा खांदा पेटीच्या कोपऱ्यामागे अडकला, खालची बाजू फिरली आणि सगळा भार तिरका होऊन तिच्या छातीवर आला. तिची टाच पायरीच्या कडेवरून अर्धी बाहेर गेली. वर वकिलाने 'अगं अगं' सुरू केलं. खालून पुन्हा आवाज आला, "भिंतीकडे म्हटलं ना!"

"मुकादम, गप्प बसा!" ती ओरडली. "जिन्यात एकच तोंड!"

असा आवाज भोंग्यानेही कधी काढला नसेल. शिक्षिकाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. रस्त्यावर रडणारं मूलसुद्धा थांबलं. मुकादमांना गप्प बस म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं, असं सगळे समजत होते. ते जन्माला येऊन चांगलं घोडं झालं होतं.



"खुंटी," ती म्हणाली. रोजचा 'खुंटीकाका' तिने कुठेतरी वरच्या पायरीवर टाकला होता. "खाली बस. पट्टा सोडू नको, नुसता बस."

खुंटी बसला. त्याच्या अंगाच्या भाराने पट्टा ताणला गेला आणि तिच्या छातीवरचं ओझं बोटभर हललं. तिने श्वास घेतला.

"वकील, तुझा कोपरा वर. थोडा. अजून. बास. आता कठड्याकडे. मला सांभाळू नको, मी आहे जागेवर. कठड्याकडे."

वकील एक शब्द बोलला नाही, यावरून प्रसंगाची कल्पना यावी. मामा पेटीच्या कोपऱ्यातून सुटला, कठड्याला घासून उभा राहिला आणि वळला.

"पायरी," ती म्हणाली.

दुसरं वळण आलं तेव्हा तिने मामाला भिंतीच्या बाजूने घेतलं, मुकादमांनी सांगितलं होतं अगदी तसंच. मग शेवटच्या पायऱ्या. मामा फरशीवर टेकला. तिने हात सोडले तेव्हा बोटं वाकलेलीच राहिली.

आता सगळ्यांनी मुकादमांकडे पाहिलं. ते खोक्यावर बसले होते आणि त्यांनी खरोखरच ओठ घट्ट मिटून घेतले होते. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. तिला वाटलं, संपलं. चारचौघांत बापाचा अपमान केला, आता उद्यापासून घरी. ती म्हणाली, "मुकादम, चुकलं असेल तर..."

तेवढ्यात शिक्षिकाबाई मधे आल्या. त्यांना टोळीतलं काही ठाऊक नव्हतं. वर्गात घोटाळा झाला की आधी मॉनिटर कोण ते विचारायचं, एवढं ठाऊक होतं. "नव्या घराची किल्ली कुणाकडे देऊ?" त्या म्हणाल्या. "तुमच्यात मुकादम कोण?"

मुकादमांनी बोट वर केलं आणि मुलीकडे दाखवलं. "त्या," ते म्हणाले. "त्यांच्याकडे द्या."

मुलीला कुणी बाप 'त्या' म्हणत नाही. तिने किल्ली घेतली, पण वाकलेल्या बोटांना ती धरवेना, म्हणून दोन्ही तळहातांत धरून उभी राहिली. खुंटी रडला, आणि पत्र्याची धूळ डोळ्यात गेली असं म्हणाला. वकिलाने घसा साफ केला. "एक मुद्दा आहे. या मुकादम झाल्या, हे मान्य. आमच्यापैकी कुणाची हरकत नाही. पण मग तुमचं काय? तुम्हाला दुसरं नावच नाही. तुम्हाला कामावर काय म्हणायचं?"

"मला काय विचारतोस? हिला विचार," म्हातारा म्हणाला. मग खोक्यावर नीट सरकून बसला आणि इतकी वर्षं चहाबरोबर गिळलेली गोष्ट त्याने बाहेर काढली. "नाव ठेवायचं काम पहिल्यापासून हिचंच आहे. चार वर्षांची होती. कुणाचं तरी कपाट रात्रीपुरतं आमच्या दारात ठेवलं होतं. आडवं तिडवं, ना कुणाला आत येता येत, ना बाहेर जाता. ही त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, मामा, जरा सरका ना! हिचा मामा आला की दारात तसाच उभा राहायचा. मी हसत हसत ते टोळीत सांगितलं. तिथून ते सगळीकडे गेलं. आज शहरभर लोक मामा उचलतायत, आणि तो हिचा आहे."

"मग आधी का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

"सांगितलं असतं तर तुला चौथ्या वर्षीच टोळीत घ्यावं लागलं असतं."

यावर सगळे हसले, तीही हसली, आणि हसता हसता तिने घामाने भरलेला चेहरा बाहीने पुसला. मग म्हणाली, "बाबा. यांना आजपासून बाबा म्हणायचं. सगळ्यांनी."

"कामावर?" खुंटीने खात्री करून घेतली.

"कामावर."

टोळीतलं नाव मागून मिळत नाही आणि परत करता येत नाही. म्हाताऱ्याने ते घेतलं. पुढे भोंग्याने ते दुसऱ्या टोळीत सांगितलं, म्हणजे अर्ध्या शहराला ऐकू गेलं, आणि कुठल्याही टोळीतला थकलेला माणूस बाबा होऊन मानाने खोक्यावर बसू लागला. पण हे सगळं नंतर.

त्या दुपारी मामा ट्रकमध्ये चढला, दोर बांधले गेले. वकील स्टिअरिंगवर जाऊन बसला. त्याच्या शेजारची पुढची जागा मुकादमाची, सामानाजवळ मागे बसायचं ते बाकीच्यांनी. म्हातारा लंगडत लंगडत मागच्या बाजूला निघाला आणि ट्रकच्या फळीला हात घातला.

"बाबा, पुढे बसा," ती म्हणाली.

"ती मुकादमाची जागा आहे."

"मुकादमच सांगतेय."

आता कामावर मुकादमाच्या शब्दाला उलट उत्तर द्यायचं नाही, हा नियम कुणी केला होता? म्हातारा वळला, खुंटीचा हात धरून पुढे चढला आणि काच खाली करून बसला. ट्रक सुरू झाला तेव्हा फुटपाथवर नवे भाडेकरू आपलं सामान उतरवत होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं, त्यांना तर ही माणसं कोण तेही माहीत नव्हतं. तरी त्याने डोकं बाहेर काढून त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, "काय करणार? आमच्या मुकादमांचं ऐकावंच लागतं."